लॉक कशासाठी, ते आधी ठरव

हे बघ छोटे, कर्नलमधल्या लॉकचा विषय निघाला की तुझा चेहरा उतरतो, हे मला दिसतं गं. वर्गातली पोरं स्पिनलॉक आणि म्यूटेक्समधला फरक घडाघडा म्हणून दाखवतात, दाखवू देत. तू एवढंच विचार: दोघांनी एकदम हात घातला तर इथं नेमकं काय बिघडेल?

लॅपटॉपवर एलएसपीसीआय चालवून बघ. त्या यादीतल्या प्रत्येक डिव्हाइसला कॉन्फिगरेशनची जागा असते, मूळ पीसीआयमध्ये २५६ बाइट, पीसीआय एक्सप्रेसमध्ये ४०९६. जुन्या पद्धतीत सीएफ८ पोर्टवर पत्ता लिहायचा, मग सीएफसीवरून माहिती घ्यायची. मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यात आधी रव्यांची थप्पी दाखवावी, मग भाव बोलावा, तसंच. मध्येच कुणी दुसऱ्या थप्पीवर बोट ठेवलं तर भाव भलत्याच मालाला लागेल. म्हणून लिनक्स या दोन्ही पायऱ्या एकाच स्पिनलॉकमध्ये उरकतं आणि तेवढा वेळ त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद ठेवतं. नाहीतर मध्येच आलेला इंटरप्ट हँडलर तेच लॉक मागत बसेल आणि लॉक धरलेल्या कोडला पुढे सरकताच येणार नाही. म्यूटेक्स इथं चालत नाही, त्याची वाट बघणारा झोपतो आणि इंटरप्टमध्ये झोपायची मुभा नसते.

खरी गोम पुढं आहे. रजिस्टर वाचलंस, एक बिट बदललास, परत लिहिलंस. वाचणं सुरक्षित, लिहिणंही सुरक्षित. पण मधल्या फटीत दुसऱ्यानं त्याच रजिस्टरचा वेगळा बिट बदलला असेल, तर तो तुझ्या लिहिण्यानं पुसला जातो, आणि एररसुद्धा येत नाही! पीसीआय एक्सप्रेसच्या लिंक कंट्रोल रजिस्टरला वीज वाचवणारा एएसपीएमचा कोड आणि काही ड्रायव्हर असेच दोन्हीकडून हात लावत होते. लिनक्समध्ये त्या वाच-बदल-लिही क्रियेला लॉक आलं ते २०२३ मध्ये. इतक्या जाणत्या माणसांच्या नजरेतून हे सुटतं, मग पहिल्या वाचनात तुला कळलं नाही म्हणून स्वतःला ढ कशाला म्हणतेस?

पुण्याला गेल्याशिवाय कर्नल शिकता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कोल्हापुरात घरी बसून क्यूईएमयूमध्ये चार कोअरचं मशीन उभं कर, लॉकडेप चालू ठेव. लॉक घेण्याचा क्रम कुठं उलटसुलट झाला, तर ते स्वतःच ओरडून सांगतं. रविवारी तुझा ड्रायव्हर घेऊन बसू. तोवर प्रत्येक लॉकच्या वर कॉमेंट लिहून ठेव, हे लॉक कोणत्या रजिस्टरला सांभाळतं ते. जिथं लिहिता येणार नाही, तिथूनच सुरुवात करू.