झाडपाल्यालाही माप असतं

मृग लागून आठवडा झाला होता. तीन दिवस आभाळ गच्च भरलेलं होतं, पण पावसाचा थेंब नव्हता. त्या संध्याकाळी गुऱ्हाळाच्या जुन्या काहिलीत उकळलेला कडुनिंबाचा काढा मी आमच्या शेततळ्यात ओतला. पहाटे पाचला तळ्यावर गेले, तर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. जे जिवंत होते ते पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते. दुपारपर्यंत आम्ही पाचशेच्या वर मासे बाहेर काढले. वजन भरलं साडेतीन क्विंटल. दहा महिने सांभाळलेले कटला, रोहू आणि मृगळ एका रात्रीत गेले.

आमची जमीन शिरोळ तालुक्यात. उसाला पाणी पाजून पाजून जे शिवार क्षारपड झालं, त्यातले दहा गुंठे आमच्या वाट्याला. उन्हाळ्यात वर पांढरा थर यायचा आणि कोणतंच पीक उभं राहत नव्हतं. तिथे तळं खोदलं आणि ऑगस्टमध्ये हजार बोटुकल्या सोडल्या. मत्स्यपालनाचं एक प्रशिक्षण केलं होतं, वही भरून टिपणं होती. त्यातली दोन वाक्यं मी मनात पक्की धरली. एक, क्लोरॅमफेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविकं मत्स्यपालनात वापरायला बंदी आहे. दोन, वनस्पतीजन्य पूरक आहारानं माशांची प्रतिकारशक्ती वाढते. दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांच्यामधली जागा मी स्वतःच्या समजुतीनं भरली, की रसायन घातक आणि झाडपाला निर्धोक.

ही समजूत पक्की व्हायला एक घटनाही घडली. हिवाळ्यात वाढ बघायला जाळं ओढलं. आठ-दहा दिवसांनी काही माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले. मी सांगलीची हळद आणून खाद्यात कालवली. मोजली नाही, मूठ मूठ टाकत गेले. तीन आठवड्यांत चट्टे गेले. मी गावभर सांगितलं की हळदीनं मासे बरे होतात. चार जणांनी माझं बघून तेच केलं. पुढे एका मत्स्यशास्त्राच्या प्राध्यापकांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "हळद न घातलेले मासे तुमच्याकडे होते का?" नव्हते. जाळ्यात खवले निघून झालेल्या त्या जखमा असाव्यात, पाणी चांगलं असेल तर त्या आपोआप भरतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. हळदीनं मदत केली असेल, नसेलही. पण त्या तीन आठवड्यांनी मला जी खात्री दिली, ती मला महागात पडली.

ज्येष्ठात माशांच्या अंगावर चपट्या, गोल, पारदर्शक उवा दिसू लागल्या. आरगुलस म्हणतात त्याला. मासे बांधाला अंग घासत होते, पाण्याबाहेर उड्या मारत होते. तळ्यात पाणी उरलं होतं जेमतेम तीन फूट. मी कडुनिंबाचा काढा करायचं ठरवलं. दोन पोती पाला उकळत असताना शेजारचे दाजी बांधावर आले. म्हणाले, "वहिनी, रिठं घाला की त्यात. औषध चिकटाय नको व्हय?" फवारणीच्या औषधात आम्ही रिठ्याचं पाणी घालतोच, पानावर औषध धरून राहावं म्हणून. मला ते पटलं. दहा किलो रिठा फोडून मी काहिलीत टाकला. दाजींचा यात काही दोष नाही. तळं माझं होतं, विचारायला मी मोकळी होते.

ज्याचं मला आजही सर्वांत जास्त वाईट वाटतं ते पुढचं आहे. माझं माहेर राधानगरीकडचं, जंगलाच्या कडेचं. लहानपणी उन्हाळ्यात ओढ्याचे डोह आटायचे, तेव्हा माणसं रामेठ्याची साल ठेचून डोहात टाकायची. कुठे गेळाची फळं कुटून टाकायची. थोड्या वेळात मासे गुंगून वर यायचे आणि आम्ही पोरं ते टोपलीत भरायचो. झाडपाल्यानं मासे मरतात हे मी वयाच्या आठव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रशिक्षणाच्या वहीतही लिहिलं होतं, की नको असलेले मासे काढायला बीज सोडण्याआधी हेक्टरी 2000 ते 2500 किलो मोहाची पेंड टाकतात आणि मग दोन-तीन आठवडे थांबतात. पेंडीत सॅपोनिन असतं, मासे त्यानं मरतात. रिठ्याला जो फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. शिकेकाईचाही तसाच. एक गोष्ट माहेरात शिकले, एक वहीत लिहिली, एक रोज न्हाणीघरात वापरत होते. तिन्हींची सांगड मी घातली नाही.

सॅपोनिन काय करतं ते नंतर समजून घेतलं. माशाच्या कल्ल्यांची त्वचा फार नाजूक असते, कारण तिच्यातूनच प्राणवायू रक्तात जातो. सॅपोनिन या कल्ल्यांना इजा करतं आणि तिथून आत शिरून रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. मग पाण्यात प्राणवायू असला तरी मासा गुदमरतो. माणसाच्या पोटात तो पदार्थ फारसा शोषला जात नाही, म्हणून गेळानं गुंगलेले डोहातले मासे खाऊन आम्हाला काही व्हायचं नाही. आम्हाला काही झालं नाही म्हणून ते निर्धोक, हा हिशेब माशाला लागू पडत नाही.

पण सगळा दोष रिठ्याचा असंही मी ठामपणे म्हणू शकत नाही. आभाळ तीन दिवस झाकलेलं होतं. पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री तोच वापरतं. ऊन नसलं की दिवसाची कमाई कमी आणि रात्रीचा खर्च तेवढाच. त्यात मी दोन पोती पाल्याचा गडद काढा ओतला. तो कुजवायला जिवाणूंना प्राणवायू लागतो, शिवाय पाणी काळपट झालं की खाली उजेड पोचत नाही. कडुनिंब स्वतःही जास्त प्रमाणात माशांच्या कल्ल्यांना त्रास देतो. आणखी एक गोष्ट आमच्या क्षारपड भागातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. आमच्या पाण्याचा सामू मुळातच चढा असतो. सामू आणि उष्णता वाढली की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. आदल्या पंधरवड्यात मी खाद्यात भरमसाट लसूण घातला होता. वासामुळे मासे खाद्य सोडून देत होते आणि ते तळाशी कुजत होतं. म्हणजे अमोनियाची सोयही मीच केली होती. या चारांपैकी कशानं किती मासे मेले, हे कुणालाच सांगता आलं नाही. कारण त्या सकाळी पाण्याचा नमुना घ्यायचं मला सुचलं नाही.

बांधावर माणसं जमली होती. मासे ताजे दिसत होते. काहींनी मागितले, एकानं अर्ध्या भावात सगळे उचलतो म्हणून सांगितलं. मी दिले नाहीत. काय ओतलं होतं ते मला माहीत होतं, पण त्याचं माप माहीत नव्हतं. खड्डा काढून चुना टाकून सगळे पुरले.

त्यानंतर वर्षभर मी तळ्यात कमी आणि अभ्यासात जास्त होते. शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात गेले, घाट उतरून रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात गेले. दोन्हीकडे माझं शांतपणे ऐकून घेतलं गेलं. तिथे जे कळलं ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

वनस्पतींवरचं संशोधन खरं आहे आणि आपल्या माशांवर झालेलं आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी रोहूच्या बोटुकल्यांना लसूण घातलेलं खाद्य साठ दिवस दिलं आणि मग त्यांना एरोमोनास जिवाणूची लागण केली. लसूण खाल्लेल्या बोटुकल्या जास्त तगल्या. पण लसूण किती? किलोभर खाद्याला 1 ग्रॅम, 5 ग्रॅम आणि 10 ग्रॅम. मी घालत होते ती मूठ मोजून पाहिली, तर किलोला 60 ग्रॅमच्या आसपास भरली. दिल्ली विद्यापीठात आघाड्याचं बी कटला आणि रोहूला खाद्यातून देऊन पाहिलं आहे आणि प्रतिकारशक्ती वाढल्याचं आढळलं आहे. आपण जो आघाडा गणपतीला वाहतो तोच. तिथेही प्रमाण किलोला काही ग्रॅमच होतं. हळद, गुळवेल, तुळस, अश्वगंधा यांच्यावरही काम झालं आहे. आरगुलसवर कडुनिंबातल्या अझाडिरॅक्टिनचे प्रयोग झाले आहेत, पण ते टाकीत, मोजून मापून केलेल्या द्रावणाचे. काहिलीतल्या काढ्याचे नव्हेत. आणि बहुतेक प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, की मात्रा दुप्पट केली म्हणजे गुण दुप्पट येत नाही. एका मर्यादेपर्यंत फायदा वाढतो, पुढे तो घटतो किंवा उलटतो.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. खाद्यातून दिलेली वनस्पती ही तयारी आहे, उपचार नव्हे. आजारी मासा पहिल्यांदा खाणं सोडतो. म्हणजे औषधी खाद्य ज्याला हवं त्याच्या तोंडी जातच नाही. म्हणून पूरक आहार द्यायचा तो मासे धडधाकट असताना, पावसाळ्याच्या किंवा थंडीच्या तोंडावर, काही आठवडे, आणि मग थांबायचं.

आता मी कसं करते ते सांगते. तळ्यातल्या माशांचं एकूण वजन अंदाजानं काढते आणि त्याच्या दोन ते तीन टक्के खाद्य रोज देते. तीनशे किलो मासे असतील तर दोन टक्क्यांनी सहा किलो. किलोला 5 ग्रॅम धरलं तर दिवसाला 30 ग्रॅम लसूण, एवढंच. सोन्याचांदीच्या दुकानात असतो तसा छोटा काटा मी विकत घेतला, तळ्यावरची ती माझी सर्वांत उपयोगी वस्तू आहे. लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवते, कारण त्यातला गुणकारी घटक ठेचल्यावर तयार होतो. आधी उकळला तर तो तयारच होत नाही. हळद पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती थोड्या तेलात कालवून खाद्याला चोळते. लसणाला तांदळाच्या पेजेचा लेप पुरतो. खाद्य सावलीत वाळवते. हळकुंडं आणून स्वतः दळते, बाजारातल्या पुडीत रंगाची भेसळ असली तर ती माशाच्या पोटात जाते. वीस मिनिटांत खाद्य संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी ते कमी करते.

आणि पाण्याकडे आधी बघते. पहाटे तळ्यावर जायचं, कारण प्राणवायू सर्वांत कमी त्याच वेळी असतो. मासे वर येऊन तोंड हलवत असतील तर कोणतंही औषध द्यायचं नाही. खाद्य बंद करायचं, पंप लावून पाणी फवारून टाकायचं, जमलं तर ताजं पाणी सोडायचं. कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो का ते बघायचं. दिसत नसेल तर पाणी फार दाट झालं आहे, खाद्य आणि खत म्हणून टाकायचं शेण दोन्ही थांबवायचं. सामू आणि अमोनिया मोजायचे संच मिळतात, ते घ्यावेत. माशांच्या बहुतेक दुखण्यांची सुरुवात पाण्यातून होते. बिघडलेल्या पाण्यात उत्तम वनस्पतीही वाया जाते.

माझ्याकडे हल्ली बरेच जण येतात, विशेषतः बचत गटातल्या बायका. 2019 आणि 2021 च्या पुरात शेतीचं नुकसान झालेल्या काही जणी आता तळ्याकडे वळल्या आहेत. कुणीतरी दाखवलेली काढ्याची कृती त्या मला विचारतात. मी त्यांना कृती सांगत नाही. हापा कसा बांधायचा ते दाखवते. बारीक जाळीचे दोन पिंजरे एकाच तळ्यात, दोन्हीत वीस-वीस मासे. एकात नवं खाद्य, दुसऱ्यात नेहमीचं. महिनाभर वजन घ्यायचं, मेलेले मोजायचे, वहीत तारीख घालून लिहायचं. ज्या वर्षी मी हे केलं, त्या वर्षी माझ्या तळ्यात आघाड्याच्या बियांनी काही फरक दिसला नाही आणि लसणानं थोडा दिसला. दुसऱ्या तळ्यात वेगळं दिसू शकतं. पाणी वेगळं, बी वेगळं, मातीही वेगळी.

बायांनो आणि बांधवांनो, एवढंच मागणं आहे. पाण्यात काहीही ओतायचं ठरवलं, मग तो अंगणातल्या कडुनिंबाचा पाला का असेना, तर आधी एका टबात तळ्याचं पाणी घ्या, त्याच प्रमाणात ते औषध मोजून घाला आणि चार बोटुकल्या सोडा. शेजारी दुसऱ्या टबात औषधाविना चार सोडा. एक रात्र थांबा. सकाळी दोन्ही टब बघा आणि मगच तळ्याकडे जा.