टाकीचे पाणी नाल्यात नको

प्रश्न : जव्हारमध्ये भुयारी गटारे नसली तर नाले स्वच्छ कसे राहतील?

उत्तर : भुयारी गटारांची वाट पाहत बसू नका. डोंगरउतारावरच्या विखुरलेल्या वस्तीत ती खर्चिक पडतात. आधी सेप्टिक टँक पाहा. टाकीत मैला साचतो आणि अंशतः कुजतो. त्यातून बाहेर पडणारे पाणी जंतूंनी भरलेलेच असते, म्हणून ते शोषखड्ड्यात जिरायला हवे, उघड्या गटारात नव्हे. शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर दूर ठेवा. पावसाळ्यात भूजल वर येते, तेव्हा खोल खड्डा कुचकामी ठरतो, हे आपल्याकडे फार महत्त्वाचे.

साधारण तीन वर्षांनी टाकी उपसावीच लागते. उपसलेला मैला टँकरने रानात ओतला, तर सगळे व्यर्थ! वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी 2018 पासून टाक्या ठरावीक क्रमाने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि मैल्यावर प्रक्रियाही केली. सिन्नरला तो वाळवण-वाफ्यांवर सुकवतात. जव्हार-मोखाड्याने मिळून असे मैला-प्रक्रिया केंद्र उभारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबई पिते, त्यामुळे महानगराकडेही खर्चाचा वाटा मागायला हरकत नाही.

तोवर आपली टाकी शेवटची कधी उपसली, ते तपासा आणि नगरपरिषदेकडे लेखी मागणी करा.