दोन थेंब आणि आईबापांचे प्रश्न



३१ जानेवारी २०२१ हा रविवार होता, पोलिओचा रविवार. त्या दिवशी आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी या गावी, पाच वर्षांखालील १२ मुलांच्या तोंडात लसीच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर घातले गेले. मुलांना त्रास झाला, त्यांना यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात दाखल करावे लागले. देवाच्या कृपेने सर्व मुले बरी होऊन घरी गेली आणि संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. बातमी देशभर गाजली. इतर ठिकाणच्या लोकांसाठी ती चार दिवसांची बातमी होती. आपल्यासाठी ती शेजारची गोष्ट आहे, म्हणून ती मनातून जात नाही. लहान मुलांच्या लसीचा विषय निघाला की कोणीतरी तिची आठवण काढतोच, आणि ती काढणाऱ्याला अडाणी म्हणून गप्प बसवणे मला पटत नाही. मुलाच्या तोंडात काय घातले जात आहे हे आईने विचारणे, यात अडाणीपणा कसला?

या भीतीत दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. लस चांगली आहे का, हा एक. लस देणारा हात सावध आहे का, हा दुसरा. कापसी-कोपरीत त्या मुलांना लस मिळालीच नव्हती, म्हणून त्या घटनेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर काहीच दिले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे मात्र कडू उत्तर दिले.

ही गोष्ट नवी नाही. प्लेगच्या काळात डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी ही लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना आपले काम सोडावे लागले. नंतर उजेडात आले की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन यांच्यावरचा ठपका १९०७ साली दूर झाला. परळच्या त्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे, आणि पोलिओची लसही पुढे हाफकिनच्या नावाच्या महामंडळातून देशभर गेली. औषध चांगले असूनही हात चुकू शकतो, हे तेव्हाही खरे होते. त्यामुळे हातावर लक्ष ठेवावे लागते, हेही तितकेच खरे होते.

आता लसीच्या प्रचाराबद्दल. हा प्रचार कसा करावा यावर आपल्या देशात वाद झालेला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना, बहुतेकांना शाळेतच, लस द्यायची होती. त्या वेळी अनेक पालक घाबरले. तशीच मोहीम दिल्लीत व्हायची होती. तेथील उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की पालकांच्या संमतीशिवाय शाळेत मुलांना लस टोचू नये, आणि लसीच्या दुष्परिणामांची माहितीही लोकांना द्यावी. काहींना वाटले की न्यायालयाने मोहिमेच्या पायात खोडा घातला. दुष्परिणाम सांगितले तर लोक घाबरतील आणि येणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

मला हा हिशेब चुकीचा वाटतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला पेंटाची लस देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच रोगांपासून ती संरक्षण देते. या लसीने पुष्कळ बाळांना ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर रडते. ज्या आईला हे आधी सांगितले, ती दिलेले औषध पाजते आणि सकाळची वाट पाहते. जिला नुसते 'काही होत नाही हो' म्हणून पाठवले, ती मध्यरात्री घाबरते, सासूची बोलणी खाते आणि दुसऱ्या डोसाला येतच नाही. यात अविश्वास कोणी निर्माण केला? आपल्या आरोग्य खात्याचा नियमही हेच सांगतो. लस देणाऱ्या ताईने प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली व ती कशासाठी, कोणता त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करावे, पुढची लस कधी, आणि कार्ड जपून ठेवा. गर्दीच्या दिवशी यातली दुसरी गोष्ट राहून जाते. तेव्हा आपण ती विचारून घ्यावी.

आपल्या कॅथॉलिक कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न येतो आणि तो गंभीर आहे. रुबेलाच्या लसीचा विषाणू ज्या मानवी पेशींवर वाढवतात, त्या पेशी १९६० च्या दशकात गर्भपात झालेल्या बालकांपासून मिळवलेल्या पेशींच्या वंशातील आहेत. हे खरे आहे, अफवा नाही. मग गर्भपाताला महापाप मानणाऱ्या आपण ही लस मुलांना द्यावी का? रोममधील जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीने २००५ साली याचे उत्तर दिले. दुसरा पर्याय उपलब्ध नसेल आणि मुलांना व गर्भवती मातांना धोका असेल, तर पालक ही लस देऊ शकतात. त्या जुन्या पापात त्यांचा सहभाग होत नाही. मात्र निर्दोष मार्गाने बनलेल्या लसीची मागणी आपण सोडू नये. २०१७ साली अकादमीने हे अधिक स्पष्ट शब्दांत सांगितले. कोरोनाच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, श्रद्धासिद्धांत मंडळाने अशा लसी घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह ठरवले, आणि लस घेणे सहसा ऐच्छिक असले पाहिजे असेही म्हटले. पण त्याबरोबर सर्वांच्या हिताचा विचार करण्याची जबाबदारीही आठवून दिली. रुबेलाच्या बाबतीत तर हे डोळ्यांसमोर दिसते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तर पोटातले बाळ दगावू शकते, किंवा बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकते. जन्माला न आलेल्या बालकाची बाजू घेणाऱ्यांनी याही बालकाची बाजू घ्यायला नको का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला निश्चितीचे प्रकार शिकवत. दोन आणि दोन चार ही एक निश्चिती. पूल ओलांडताना तो पडणार नाही, ही दुसरी. हिला नैतिक निश्चिती म्हणतात. संसार सगळा या दुसरीवर चालतो. लसीकडून पहिल्या प्रकारची निश्चिती मागणारा माणूस कधीच निर्णय घेऊ शकणार नाही. पोलिओच्या थेंबांमुळेच पायांतले बळ जाण्याचा प्रकारही लाखो डोसांमागे एखाद्या वेळी घडतो. डॉक्टरांनी तो लपवला नाही. तो धोका कमी व्हावा म्हणूनच २०१६ साली आपल्या देशात थेंबांचा प्रकार बदलला आणि पोलिओचे इंजेक्शनही वेळापत्रकात आले. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. नैसर्गिक पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावड्यात सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आपल्यातील वडीलधाऱ्यांना वर्गातला कुबडी घेतलेला सोबती आठवत असेल. आजच्या मुलांना तो दिसत नाही, म्हणून त्यांच्या तरुण आईबापांना रोग खोटा आणि ताप खरा वाटतो.

गोवर मात्र अजून गेलेला नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ पसरली आणि लहान मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती. गोवराची पहिली लस साधारणपणे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे चार महिन्यांच्या बाळाचे रक्षण आईकडून आलेली थोडी ताकद आणि आजूबाजूच्या मुलांनी घेतलेली लस, एवढ्यावरच असते. प्रार्थनेला एका बाकावर शेजारी बसणाऱ्या दोन कुटुंबांनी याचा विचार करावा. आपण लस टाळतो तेव्हा धोका फक्त आपल्या लेकराचा नसतो.

पण संशय असणाऱ्याला दूर लोटू नका. संत थॉमस यांनी जखमा पाहण्याचा हट्ट धरला तेव्हा प्रभूने त्यांना हाकलले नाही, हात पुढे केले. लसीकरणाच्या ठिकाणीही पाहण्यासारखे पुष्कळ असते. पोलिओच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर उष्णतेने लस बिघडलेली नाही. तो गोलाइतका किंवा जास्त गडद झाला असेल तर ती बाटली वापरायची नसते. सॅनिटायझरच्या बाटलीवर अशी खूण नसते. गोवराची लस पूड असते. पाण्यात मिसळल्यावर ती चार तासांच्या आत संपवायची किंवा फेकायची, म्हणून बाटलीवर उघडल्याची वेळ लिहितात. सुई प्रत्येक बाळासाठी नवी, आपल्यासमोर पाकीट फोडून घेतलेली हवी. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे. 'ताई, जरा बाटली दाखवता का?' असे गोड शब्दांत विचारले तर आपली आशाताई किंवा नर्सबाई रागावणार नाही, आणि रागावली तरी पाहून घ्यावे.

एमआयडीसीत कामासाठी बाहेरून आलेली काही कुटुंबे आपल्या शेजारी राहतात. गाव बदलताना त्यांचे कार्ड हरवते आणि मुलाच्या पुढच्या लसी राहून जातात. कार्ड नसले तरी अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात नवे मिळते आणि राहिलेल्या लसी वयाप्रमाणे देता येतात. भाषेच्या अडचणीमुळे ती मंडळी विचारायला लाजतात, तेव्हा पहिल्या वेळी आपल्यापैकी कोणीतरी त्यांच्यासोबत जावे.

आपला,
धर्मगुरू