निर्वासितांचा पैसा

आफ्रिका खंडातील केनिया देशाच्या वायव्येस तुर्काना नावाचा रुक्ष व उष्ण प्रदेश आहे. तेथे काकुमा गावापाशी निर्वासितांची एक मोठी छावणी आहे. सुदानमधील यादवी युद्धामुळे परागंदा झालेली हजारो मुले पायपीट करीत १९९२ साली येथे पोचली, तेव्हा ती उभारण्यात आली. पुढे सोमालिया, इथिओपिया, काँगो या देशांतूनही लोक येत राहिले.

छावणीत ज्वारी, मका, कडधान्ये व तेल असा शिधा मिळे. परंतु घरातील लहानग्यास दूध हवे असेल, तर आईने काय करावे? मिळालेली ज्वारीच ती पडत्या भावाने विके आणि दूध आणी.

२००७ साली केनियात ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू झाली. ‘एम’ हे अक्षर मोबाइलचे. आणि ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द म्हणजे आपल्या ‘पैसा’ शब्दाचा समुद्रापार गेलेला भाऊच होय! हिची रीत सोपी आहे. गावातील एखादा दुकानदार सेवेचा प्रतिनिधी असतो. त्याच्यापाशी रोख रक्कम दिली, की ती गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील खात्यात जमा होते. मग गुप्त अंक वापरून ती दूरच्या आप्तास पाठवावी आणि त्याने आपल्या गावच्या प्रतिनिधीकडून रोख घ्यावी.

२०१५ साली जागतिक अन्न कार्यक्रमाने काकुमा येथे ‘बांबा चकुला’ ही योजना सुरू केली. शिधेच्या काही भागाऐवजी निर्वासितांस मोबाइलवर रक्कम मिळू लागली. ती नेमलेल्या दुकानांतून अन्नासाठीच खर्च करता येई. त्या दुकानदारांत काही निर्वासितही होते. आता दूध घ्यावे की तांदूळ, हे आईच ठरवू लागली.

खरी अडचण निराळीच होती. सिमकार्ड घ्यावयाचे, तर ओळखपत्र दाखवावे लागते. जीव मुठीत धरून पळालेल्या माणसापाशी ते कोठून असणार? छावणीत नवे ओळखपत्र मिळे. पण अनेकांना त्यासाठी फार काळ तिष्ठत राहावे लागले. मग कित्येक जण ओळखीच्या केनियन माणसाच्या नावाने कार्ड घेत. पैसा स्वतःचा, नाव दुसऱ्याचे! कार्ड हरवले, की त्या दुसऱ्याचे उंबरठे झिजविणे आले. आणि तो गाव सोडून गेला असेल, तर पैशावर पाणी सोडावे लागे.

२०२१ साली केनियाने निर्वासितांविषयी नवा कायदा केला. निर्वासितांना देशाच्या अर्थव्यवहारात भाग घेता यावा, म्हणून आवश्यक कागदपत्रे मिळणे त्यांना सुलभ करावे, असे त्यात म्हटले आहे.