मनाच्या उपचाराला किती खर्च येतो? जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्यांसाठी

झोप लागत नाही, पुस्तक उघडवत नाही, परीक्षेचं नाव काढलं की छातीत धडधडतं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगावच्या कॉलेजांतली मुलं याला ‘टेन्शन’ म्हणतात आणि गप्प राहतात. टोमॅटोचा भाव पडलेला असताना वडिलांना दवाखान्याचे पैसे कसे मागायचे, ही भीती त्यामागे असते. उपचार मात्र या भीतीपेक्षा बरेच स्वस्त आहेत.

सुरुवात फोनपासून करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं आणि सल्ल्याचे पैसे लागत नाहीत.

मग सरकारी रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय त्यातच येतं आणि पुण्यातलं औंधचं जिल्हा रुग्णालयही. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, हे आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा पडतो. पुण्याचं ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे थोडं शुल्क लागतं.

खरा खर्च प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजाचा. सोबत आई आली तर तिचा दिवस जातो. एसटीत मुलींना आणि बायकांना तिकीट निम्मं आहे, त्याचा फायदा घ्या. अठरा पूर्ण असतील तर पालकांशिवायही डॉक्टरांकडे जाता येतं, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

पुण्यात खासगी मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट साधारण हजार ते दोन हजारांना पडते. समुपदेशनाचा खर्च प्रत्येक बैठकीला वेगळा, म्हणून किती बैठका लागतील हे पहिल्याच दिवशी विचारा. गोळ्या दिल्या तर त्या जेनेरिक मिळतील का, तेही विचारा. जनऔषधी केंद्रात बराच फरक पडतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडल्या, तर आधीचे पैसे वाया जातात आणि त्रासही वाढू शकतो. देवऋष्याकडे महिनोन्‌महिने जाणारे पैसे आणि वेळ मला सगळ्यात महाग वाटतात.

कॉलेजकडेही मागा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. आदिवासी वसतिगृहातल्या मुलांनी गृहपालांमार्फत घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे लेखी मागणी करावी.

जीव नकोसा वाटत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत येते. आणि घरच्यांनो, फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा.