आश्रय आणि अक्षर

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. पुढील महिन्यापासून सहावीपुढच्या मुलींना शाळेची दारे बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचीही झाली. बंगळूरमध्ये शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थिनींपुढे त्यामुळे दुहेरी पेच उभा राहिला. अभ्यासक्रम संपताच व्हिसाची मुदत सरते, आणि मायदेशी पुढच्या शिक्षणाची वाट खुंटलेली असते.

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारात भारत सहभागी नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून आश्रय हा हक्क न राहता शासनाची अनुज्ञा ठरतो. शालेय शिक्षणाची गोष्ट वेगळी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ‘नागरिक’ न म्हणता सहा ते चौदा वर्षांचे ‘बालक’ असे म्हणतो. वयाचा दाखला नाही म्हणून त्यास प्रवेश नाकारता येत नाही. परंतु हे संरक्षण चौदाव्या वर्षी संपते, आणि अफगाण मुलीचे शिक्षण तुटते तेही याच वयाच्या आसपास.

कर्नाटकातच दुसरे उदाहरण आहे. १९६० च्या सुमारास तत्कालीन म्हैसूर राज्याने बायलकुप्पे येथे तिबेटी निर्वासितांना जमीन दिली. त्यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारने शाळा चालविल्या. तेथे आश्रयाबरोबर अक्षर आले. अफगाण मुलीला मात्र अक्षर मिळते ते मुदतीपुरतेच.