बेससाठी वायरलेस: खर्च किती, गरज किती

सहा मीटरची बऱ्यापैकी केबल हजार-दोन हजारांत येते आणि नीट गुंडाळून ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. तेच काम वायरलेसवर न्यायचं तर दहा हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत मोजावे लागतात. म्हणून दुकानात जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: कार्यक्रमात आपण हलतो किती? बहुतेक बेसवादक ड्रमरच्या हाय-हॅटशेजारी ठाण मांडून उभे असतात. ऑर्केस्ट्रात तर तीन तास खुर्चीवर बसूनच वाजवायचं असतं. अशांनी हा खर्च करू नये. त्या पैशांत चांगला डीआय बॉक्स येतो, बेसचं सेटअप करून मिळतं आणि तारांचे दोन संचही सुटतात.

वायरलेस उपयोगी पडतं ते पुढे येऊन वाजवणाऱ्याला आणि साउंडचेकच्या वेळी मैदानात उतरून आपला बेस लोकांना कसा ऐकू येतो हे तपासणाऱ्याला. तिसरा गरजू म्हणजे वाजवता वाजवता गाणारा बेसवादक, आणि त्याचं कारण शॉक. मंडपात जनरेटर असतो, अर्थिंग रामभरोसे. बेसच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या, माइक मिक्सरच्या अर्थला. दोन्हींत व्होल्टेजचा फरक पडला की हात तारांवर आणि ओठ माइकला असलेला माणूस त्या दोघांमधली वायर होतो. डिसेंबर १९७६ मध्ये अमेरिकेतल्या लेकलँडला ‘किस’ बँडचा गिटारवादक एस फ्रेली धातूच्या कठड्याला हात लागून असाच विजेच्या धक्क्याने कोसळला होता. त्यानंतर तो बँड वायरलेसकडे वळला. वायरलेसमुळे तारा आणि अँप यांच्यातला जोड तुटतो आणि निदान बेसवादकापुरता हा मार्ग बंद होतो. कीबोर्डवाल्याचा प्रश्न तसाच राहतो, तेव्हा अर्थिंग तपासून घेणं काही चुकत नाही.

आता आवाजाकडे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ई तार ४१ हर्ट्झला बोलते, पाच तारांवरची बी ३१ हर्ट्झला. जवळपास प्रत्येक खोक्यावर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ छापलेलं असतं, त्यामुळे त्या आकड्यावरून काही कळत नाही. जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग सेटमध्ये आवाज आधी दाबून पाठवतात आणि पलीकडे पुन्हा फुलवतात. गायकाच्या माइकला ते खपून जातं. बेसचा लांब, संथ स्वर मात्र त्यात वरखाली डोलल्यासारखा ऐकू येतो आणि स्लॅपची धार बोथट होते. डिजिटलमध्ये ही दाबादाबी नसते. बेससाठी डिजिटलच घ्यावं, हे माझं ठाम मत.

डिजिटलमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, त्याचा लोक उगाच बाऊ करतात. तीन मिलिसेकंदांत आवाज हवेतून साधारण एक मीटर जातो; म्हणजे अँपपासून एक पाऊल मागे उभं राहण्याइतकाच हा उशीर. अडचण येते ती बेरजेची. डिजिटल मिक्सर, मल्टी-इफेक्ट आणि कानातलं वायरलेस मॉनिटर हे सगळं एकामागून एक लागलं की बोट आणि कान यांची जोडी फुटायला लागते.

किमती गोल आकड्यांत सांगतो. भाव विचाराल तेव्हा जीएसटी धरूनच विचारा. तीन ते सहा हजारांत बिननावाचे दोन प्लग मिळतात, एक बेसमध्ये, दुसरा अँपमध्ये. घरी सरावाला ठीक, स्टेजवर नको. खुसखुस लपवण्यासाठी त्यांतले बरेच सेट आवाज बारीक झाला की तो बंदच करतात, त्यामुळे लांबवलेल्या स्वराचं शेपूट छाटलं जातं. बेस ॲक्टिव्ह असेल तर यांतले काही सेट बारीक किणकिणतातही.

नऊ ते बावीस हजारांच्या पट्ट्यात नक्स, एक्सवाइव्ह, बॉस ही नावं येतात आणि बहुतेकांची गरज इथे भागते. बॉसच्या डब्ल्यूएल-२० मध्ये ट्रान्समीटर रिसीव्हरच्या जॅकमध्ये दहा सेकंद खोचला की मोकळी वाट तो स्वतः शोधतो, उशीर २.३ मिलिसेकंद. यात लांब केबलमुळे आवाजाला येणारा मऊपणा मुद्दाम घातलेला आहे, तो पॅसिव्ह बेसला शोभतो. ॲक्टिव्ह बेससाठी त्याचंच ‘एल’ मॉडेल आहे, त्यात तो मऊपणा नाही. बिलावर कुठलं लिहिलंय ते बघून घ्या. शिवाय आपला बेस सोबत न्याच: काही बेसचा जॅक खोल खाचेत असतो आणि हे जाडजूड प्लग त्यात शिरतच नाहीत.

पन्नास हजारांच्या पुढे पट्ट्याला लावायचा बॉडीपॅक आणि पेडलबोर्डवर बसणारा रिसीव्हर मिळतो. शुअरच्या जीएलएक्सडी१६ प्लसमध्ये ट्यूनर आहे, बॅटरी काढता येते आणि तो २.४ व ५.८ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालतो. हे महत्त्वाचं, कारण स्वस्त डिजिटल सेट बहुतेक २.४ वरच असतात आणि त्याच पट्ट्यात वाय-फाय, ब्लूटूथ आणि प्रेक्षकांचे हॉटस्पॉट दाटीवाटीने बसलेले असतात. त्यात साउंडवाला टॅबलेटवरून मिक्सिंग करतो. बेहरिंगरच्या एक्सआर-१८ सारख्या मिक्सरचं अंगचं वाय-फायही २.४ वर असतं. त्याला वेगळा राउटर ५ गिगाहर्ट्झवर लावायला सांगा आणि आपला रिसीव्हर त्यापासून दोन-तीन मीटर दूर, नजरेच्या टप्प्यात ठेवा. अँपच्या मागे जमिनीवर ठेवला तर मधली माणसंच सिग्नल खातात.

यूएचएफ सेट घेताना जपून. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा जिओने घेतला आणि त्यावर आता ५जी चालतं. त्या पट्ट्यातला जुना सेट कुणी स्वस्तात देत असेल तर तो का देतोय हे ओळखा. अमेरिकेतल्या भावाकडून मागवण्याचा मोहही टाळावा. तिकडचे पट्टे वेगळे, वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि आयात होणाऱ्या वायरलेस यंत्राला आपल्याकडे सरकारी मान्यता लागते.

बॅटरीचा खर्च खोक्यावर लिहिलेला नसतो. प्लगच्या आतली लिथियम बॅटरी काही वर्षांत थकते आणि बहुतेक सेटमध्ये ती बदलता येत नाही. म्हणजे पंधरा हजारांचा सेट चार वर्षं चालला, तर दर वर्षी पावणेचार हजार पडले. एए सेलवर चालणारा असेल तर रिचार्जेबल सेलांचे दोन संच आणि चार्जर त्याच दिवशी घ्या.

लॅमिंग्टन रोडवर घ्या, पुण्यात घ्या किंवा ऑनलाइन मागवा, परत करायची मुदत आधी विचारा आणि त्या मुदतीत सेट पिळून काढा. सर्वांत खालची तार मोकळी वाजवून विझेपर्यंत ऐका. शेवट तुटला तर सेट परत. मग जोरात स्लॅप करा. पाठ फिरवून दहा मीटर चाला. दोन-तीन मोबाइलचे हॉटस्पॉट चालू करून पुन्हा चाला. प्रत्येक वेळी मधे केबल लावून तुलना करा.

पब, कॉलेज आणि छोट्या हॉलसाठी पंधरा-वीस हजारांचा डिजिटल सेट पुरे. एका स्टेजवर चार-पाच वायरलेस चालत असतील, तरच पन्नास हजारांकडे बघा. वर्षातून तीन-चारच मोठे कार्यक्रम होत असतील, तर विकत घेऊच नका; साउंडवाल्याला आठवडाभर आधी सांगून त्या दिवसापुरता भाड्याने मागा.